लॅम्प की जँगो-पोस्टग्रेस? वाचनालयाची वेबसेवा उभारण्याआधी

सभासदांची यादी, वर्गणी, अनामत, पुस्तकांची देवघेव, अभ्यासिकेतल्या जागांचं आरक्षण हे सगळं वेबवर आणायचं ठरलं, की पहिली बैठक एकाच प्रश्नावर अडते: बांधायचं कशावर? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक वेळा दोघं-तिघं असतात. एक नोकरी सांभाळून संध्याकाळी कोड लिहिणारा, एक ग्रंथपाल, एक कॉलेजात शिकणारा. पैसे थोडे असतात आणि वेळ त्याहून थोडा. हा आढावा अशा लोकांसाठी आहे.

दोनच मार्ग समोर ठेवतो, कारण या दोन्हींवर मी सेवा उभ्या केल्या आहेत आणि नंतर वर्षानुवर्षं सांभाळल्याही आहेत. पहिला मार्ग लॅम्प: लिनक्स ही संचालन प्रणाली, ॲपाची हा पानं पोचवणारा वेबसर्व्हर, मायएसक्यूएल हा नोंदी साठवणारा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा. दुसरा: लिनक्स, एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर, पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस आणि पायथन भाषेतलं जँगो, म्हणजे वेबसेवा बांधण्याची तयार चौकट. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, परवान्यापोटी एक रुपयाही द्यावा लागत नाही. खर्च होतो तो सर्व्हरच्या भाड्याचा आणि माणसाच्या वेळेचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे मजकूर चढवायचा आणि लोकांनी तो वाचायचा एवढंच काम आहे, तिथे लॅम्प घ्या. जिथे माणसांच्या नोंदी आणि त्यांचे पैसे आहेत, तिथे जँगो-पोस्टग्रेस. वेगावरून किंवा भाषेच्या आवडीनिवडीवरून मी हे ठरवत नाही. चुकीची नोंद कोणत्या दारात अडते, यावरून ठरवतो.

दोघांचं मूळ वेगळं आहे

लॅम्प हे नाव १९९८ साली मायकेल कुन्झे यांनी एका जर्मन संगणक नियतकालिकातल्या लेखात वापरलं. नाव नंतर आलं, घटक आधीच होते. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या वेबपानाला कोण भेट देतं हे बघण्यासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. त्यातूनच पीएचपी वाढली. पान आधी आणि प्रोग्राम त्याच्या पोटात, हा तिचा जन्मजात स्वभाव. आजही एक फाइल सर्व्हरवर ठेवली की पान चालू होतं.

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन तिथे २००३ च्या सुमारास काम करत होते. बातमीदाराने दुपारी मागितलेलं सदर संध्याकाळपर्यंत उभं करायचं, आणि त्यात रोज माहिती भरणारे लोक पत्रकार, संगणकवाले नव्हेत. म्हणून त्यांनी आधी नोंदींचा आराखडा लिहायचा आणि त्यावरून माहिती भरण्याचे फॉर्म आपोआप तयार व्हायचे, अशी सोय केली. २००५ मध्ये ती खुली झाली आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव तिला मिळालं. पोस्टग्रेसचं मूळ बर्कली विद्यापीठात आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या १९८६ च्या संशोधन प्रकल्पातून तो डेटाबेस निघाला आणि १९९६ पासून आजच्या नावाने चालतो.

पान दाखवण्यासाठी जन्मलेलं साधन एकीकडे, नोंदी ठेवण्यासाठी जन्मलेलं दुसरीकडे. हा फरक पुढे जागोजागी जाणवतो.

पहिला आठवडा लॅम्पचा

इथे लॅम्पला तोड नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो. स्वस्तातलं सामायिक होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) घेतलं की ॲपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल तयारच मिळतात. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पानात डेटाबेस बनवा, फाइली चढवा, पान उघडा. पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस बघण्याच्या साधनात टेबल डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे नवख्या माणसाला धीर येतो.

जँगोसाठी सहसा स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यावा लागतो आणि त्यावर चार-पाच गोष्टी हाताने जुळवाव्या लागतात. गुनिकॉर्न जँगोला चालवतो, सिस्टमडी गुनिकॉर्नला जागं ठेवतो, एन्जिनएक्स बाहेरच्या विनंत्या आत पोचवतो. सगळं जुळलं असं वाटतं तोच ॲडमिनचं, म्हणजे नोंदी भरण्याचं, पान रंगरूपाशिवाय उघडं-बोडकं दिसतं, कारण प्रत्यक्ष वापरात जँगो स्वतः सीएसएसच्या, म्हणजे रंगरूपाच्या, फाइली देत नाही. त्या गोळा करून एन्जिनएक्सच्या हवाली कराव्या लागतात. जवळपास प्रत्येक नवशिक्याची एक संध्याकाळ यात जाते. शिवाय सेटिंगमधला डीबग पर्याय चालूच राहिला, तर चूक झाल्यावर कोडच्या ओळी आणि सेटिंगचा बराचसा तपशील जगाला दिसतो. सेवा खुली करण्याआधी हा पर्याय बंद आहे ना, हे दोन माणसांनी वेगवेगळं तपासावं.

पीएचपीचा आणखी एक गुण कमी बोलला जातो. प्रत्येक विनंतीला ती कोऱ्या पाटीने सुरुवात करते आणि काम झालं की सगळं पुसून टाकते. एका पानात घोळ झाला तरी पुढची विनंती त्यापासून सुटी असते. जँगोची प्रक्रिया मेमरीत जिवंत राहते. कोड बदलला की ती पुन्हा सुरू करावी लागते, आणि मेमरी हळूहळू फुगत असेल तर त्याकडे लक्ष ठेवावं लागतं. रोज कुणी बघणारं नसेल, तर पीएचपीचा हा स्वभाव मोठा आधार आहे.

चुकीची नोंद कोण अडवतं

आता मुख्य मुद्द्याकडे. मायएसक्यूएलची वाईट कीर्ती बरीचशी जुन्या काळातली आहे. १९९५ पासूनचा हा डेटाबेस अनेक वर्षं समोर येईल ते पोटात घ्यायचा. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून कडक पद्धत (चुकीचं मूल्य नाकारण्याची) मुळातच चालू असते आणि बराच सुधार झाला आहे. पण आपल्याकडे जुनी आवृत्ती, जुनी सेटिंग आणि जुन्या पुस्तकातला कोड एकत्र नांदताना मी आजही बघतो, म्हणून जुनी वागणूक माहीत असलीच पाहिजे.

| काय घडलं | जुनं मायएसक्यूएल | ८.० आणि पुढे | पोस्टग्रेस |
|---|---|---|---|
| ३० फेब्रुवारी ही तारीख भरली | सगळी शून्यं असलेली तारीख साठवली, फक्त इशारा | नाकारली | नाकारली |
| ४० अक्षरांच्या रकान्यात ६० अक्षरी नाव | शेपूट कापून साठवलं | नाकारलं | नाकारलं |
| रक्कम शून्याहून मोठी हवी, अशी अट | अट वाचली आणि सोडून दिली | ८.०.१६ पासून पाळते | पाळते |
| रचनेतले पाच बदल एकत्र केले, चौथा फसला | पहिले तीन तसेच राहिले | पहिले तीन तसेच राहतात | पाचही मागे घेता येतात |

तिसरी ओळ पुन्हा वाचा. २०१९ पर्यंत मायएसक्यूएलमध्ये तुम्ही अट लिहीत होता, कुठलीही तक्रार न करता ती स्वीकारली जात होती, आणि ती कधीच तपासली जात नव्हती. अनामत रकमेच्या रकान्यात उणे आकडा जाणार नाही या भरवशावर माणूस निर्धास्त, आणि आत उणे आकडे. आज नवी आवृत्ती घेणाऱ्याला ही अडचण नाही. पण सामायिक होस्टिंगवर तुम्हाला कोणती आवृत्ती मिळते हे तुमच्या हातात नसतं.

चौथी ओळ सेवा वर्षभर चालल्यावर महत्त्वाची होते. वर्गणीच्या टेबलाचे दोन भाग करायचे, जुन्या नोंदी हलवायच्या, नवा निर्बंध घालायचा, अशी शस्त्रक्रिया पोस्टग्रेसमध्ये एका व्यवहारात (सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा गटात) बांधता येते. काही अडलं तर टेबल जसंच्या तसं पूर्वस्थितीला येतं. मायएसक्यूएलमध्ये रचनेतला प्रत्येक बदल तिथल्या तिथे पक्का होतो. मधेच फसलं तर रात्री अकरा वाजता कागदावर लिहून काढावं लागतं की कुठवर पोचलो होतो.

आता दोन उदाहरणं, जी आज, नव्या आवृत्त्यांमध्येही, दोघांना वेगळं करतात.

पहिलं देवघेवीचं. एका दाखल अंकाची (प्रत्येक प्रतीला मिळणाऱ्या क्रमांकाची) प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असू शकते. दुपारच्या गर्दीत दोन काउंटरवरून तीच प्रत दोन सभासदांच्या नावावर चढू नये, हे कोण बघणार? कोडमध्ये 'आधी तपासा, मग नोंदवा' असं लिहिलं तरी दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही प्रत मोकळीच दिसते. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसलाच सांगता येतं की परतीची तारीख रिकामी असलेल्या नोंदींपुरता दाखल अंक एकमेव असला पाहिजे. परत आलेल्या शेकडो जुन्या नोंदींना हा नियम लागत नाही, उघड्या नोंदीला लागतो. दुसरा काउंटर आपोआप अडतो. जँगोत हा नियम आराखड्यातच दोन ओळींत लिहिता येतो, २.२ आवृत्तीपासून. मायएसक्यूएलमध्ये असा अर्धवट, म्हणजे काही नोंदींपुरताच लागणारा, निर्देशांक नाही. जास्तीचा गणित केलेला रकाना घालून तीच गोष्ट साधता येते, पण ती युक्ती ज्याला माहीत आहे त्यालाच सुचते. तोच जँगोचा आराखडा मायएसक्यूएलवर चालवला, तर जँगो इशारा देतं आणि तो नियम तयारच करत नाही. इशारा वाचला नाही, तर नियम आहे असं समजून तुम्ही पुढे जाता.

दुसरं अभ्यासिकेचं. स्पर्धा परीक्षेची मुलं जागा महिनाभरासाठी घेतात, कुणी पंधरा दिवसांसाठी, कुणी मधेच सोडतं. बावीस नंबरची खुर्ची १ तारखेपासून २० पर्यंत एकाची आणि १५ पासून दुसऱ्याची, असं झालं की सकाळी सातला भांडण ठरलेलं. पोस्टग्रेसमध्ये तारखांचा पल्ला हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि एकाच खुर्चीचे दोन पल्ले एकमेकांवर चढता कामा नयेत असा निर्बंध टेबलावरच घालता येतो. मायएसक्यूएलमध्ये याला थेट जोड नाही. कुलूप लावून, तपासून, मग नोंदवून, हे सगळं कोडमध्ये सांभाळावं लागतं. ज्या वाचनालयाची कमाई अभ्यासिकेवर चालते, त्याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

एक लहानसा सापळा मायएसक्यूएल घेणाऱ्यांसाठी. जन्मतारीख किंवा मुदत ठेवीची तारीख 'टाइमस्टँप' प्रकारात ठेवू नका. त्याची हद्द १९७० ते १९ जानेवारी २०३८ एवढीच आहे. वाचनालयाचे कितीतरी नियमित सभासद १९७० च्या आधी जन्मलेले असतात.

मराठी मजकूर

इथे दोन्ही मार्गांवर काळजी घ्यावी लागते.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा अक्षरसंच (अक्षरं साठवण्याची पद्धत) प्रत्यक्षात चिन्हामागे तीन बाइटांपुरताच आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं, त्यामुळे मराठी नीट दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग कुणीतरी अभिप्रायात इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि नोंद नाकारली जाते किंवा तिथून पुढे कापली जाते. पूर्ण संच 'यूटीएफ८एमबी४' या नावाने २०१० मध्ये आला आणि ८.० पासून तोच मुळातला झाला. त्याआधीचा मुळातला संच तर लॅटिन-१ होता. त्यात देवनागरी घातली की नावाच्या जागी ?????? उरतं, आणि ते परत मिळत नाही, कारण मूळ अक्षरं साठवलीच गेली नाहीत. पोस्टग्रेसमध्ये यूटीएफ-८ म्हणजे पूर्ण यूटीएफ-८.

भाषेचा फरक याहून जास्त बोचतो. पीएचपीत 'मराठी' या शब्दाची लांबी साध्या फंक्शनने मोजली की उत्तर १५ येतं, कारण ती बाइट मोजते. पायथन ५ सांगतो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. मी एका जुन्या सेवेत सूचनेचा मजकूर पहिल्या ५० बाइटांवर कापत होतो. ५० ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे काप अक्षराच्या मधोमध पडायचा. मोकळ्या जागा एकेका बाइटाच्या असल्याने काही सूचनांत काप योगायोगाने नीट बसायचा, काहींत नाही. पुढे जेसन (मोबाइलकडे माहिती पाठवण्याचा मजकूरसाचा) बनवणारं फंक्शन मोडकी अक्षरं बघून नुसतं 'नाही' असं उत्तर देत होतं आणि मोबाइलवर कोरी यादी जात होती. काही सभासदांची यादी दिसते, काहींची नाही, असं दोन दिवस चाललं. उपाय एका शब्दाचा होता: कापणाऱ्या फंक्शनऐवजी त्याचं बाइटांऐवजी चिन्हं मोजणारं 'एमबी' रूप वापरायचं. पायथनमध्ये ही चूक सहजासहजी होत नाही. तिथेही काप अक्षर आणि मात्रेच्या मधे पडू शकतो आणि 'वि'चा 'व' होऊ शकतो, पण मजकूर मोडत नाही.

क्रमवारी बघा. कावळे, काशीद, काळे ही तीन आडनावं मराठी वर्णमालेप्रमाणे याच क्रमाने यायला हवीत, कारण आपला ळ ह च्या नंतर येतो. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या तक्त्यात मात्र ळ ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून साधी क्रमवारी काळे यांना सगळ्यांत आधी आणते. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या मुक्तस्रोत प्रोग्रामसंचाचे क्रमनियम वापरता येतात आणि त्यात मराठीचा स्वतंत्र नियम आहे. मायएसक्यूएल ८ च्या यादीत मराठी नाही. पीएचपीच्या 'इंटल' विस्तारात तोच आयसीयूचा नियम मिळतो, पण मग क्रमवारी डेटाबेसबाहेर लावावी लागते, आणि पानावर पन्नास-पन्नास नावं दाखवायची असतील तर ते जमत नाही. क्रमाची किल्ली वेगळ्या रकान्यात साठवून ठेवावी लागते. ग्रंथपालाला ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत खटकते, संगणकवाल्याला वर्षभर दिसत नाही. निवड करण्याआधी ही तीन आडनावं दोन्हीकडे घालून स्वतः बघा.

आणि हा एक प्रश्न दोघांपैकी कुणीच सोडवत नाही. 'गोऱ्हे' हे आडनाव एक जण ऱ वापरून लिहितो, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना दोन वेगळी माणसं. 'ॲड.' मधल्या ॲ चं तसंच: तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ पासून युनिकोडमध्ये आहे, पण जुने कळफलक अ, जोडचिन्ह आणि चंद्र अशी जुळवणी करतात. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. माझा नियम असा की नोंद आत येण्याच्या एकाच जागी दोन-चार अदलाबदलींचं छोटं फंक्शन ठेवायचं आणि सगळा मजकूर त्यातून गाळून घ्यायचा. जँगोत ती जागा मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदीच्या आराखड्यात, सहज सापडते. मोकळ्या, म्हणजे तयार चौकटीशिवायच्या, पीएचपीत ती प्रत्येक फॉर्मच्या फाइलमध्ये लिहावी लागते आणि एखादी राहते.

फॉर्म, सुरक्षितता आणि ग्रंथपाल

जँगोचं ॲडमिन हे मला अजूनही त्याचं सर्वांत मोठं देणं वाटतं. सभासद, प्रत, देवघेव यांचा आराखडा लिहा, दोन आज्ञा द्या, आणि नोंदी भरायला, शोधायला, दुरुस्त करायला पानं तयार असतात. कुणी कोणती नोंद केव्हा बदलली, याची पानावर केलेल्या बदलांपुरती यादीही मिळते. पहिल्या आठवड्यात जे हरवलं, ते दुसऱ्या आठवड्यात इथे भरून येतं. ग्रंथपालाला खरी पानं समोर ठेवून विचारता येतं की अनामत परत केल्याची नोंद कुठे करता, आणि मग कळतं की आपला आराखडाच चुकला होता. रचना बदलण्याची टिपणं जँगो स्वतः लिहून क्रमाने ठेवतं; ही सोय २०१४ मधल्या १.७ पासून त्यातच आहे.

सुरक्षिततेत फरक सवयीचा आहे. जँगोत पानावरचा मजकूर मुळातच निर्विष करून छापला जातो, परक्या साइटवरून आलेला फॉर्म अडवला जातो, आणि डेटाबेसकडे जाणारी मूल्यं वेगळी पाठवली जातात. हे सगळं बंद करायला हात लावावा लागतो. मोकळ्या पीएचपीत हे सगळं चालू करायला हात लावावा लागतो. पासवर्ड सांभाळण्याचं चांगलं फंक्शन पीएचपीत २०१३ पासून आहे, मूल्यं वेगळी पाठवणाऱ्या क्वेरींची (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांची) सोय त्याहून आधीपासून आहे. जुन्या शिकवण्यांत मात्र ती सापडत नाहीत, आणि आपल्याकडे अनेक जण त्याच शिकवण्यांवरून शिकतात.

इथे पीएचपीवर अन्याय नको. लॅरावेल ही पीएचपीतली तयार चौकट घेतली, तर वर सांगितलेली बहुतेक तूट भरून निघते. २०११ पासूनची ती चौकट परिपक्व आहे, तिला पोस्टग्रेसही चालतं. तुमच्याकडे पीएचपी जाणणारा माणूस पक्का असेल आणि पायथन कुणालाच येत नसेल, तर लॅरावेल आणि पोस्टग्रेस हा तिसरा मार्ग मी आनंदाने सुचवेन. फक्त सामायिक होस्टिंगची स्वस्ताई तिथे बऱ्याचदा सुटते.

वेग

काही हजार सभासदांच्या वाचनालयाला दोन्ही पुरून उरतात. इन्स्टाग्रामची सुरुवात जँगो आणि पोस्टग्रेसवर झाली, आणि मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत लिहिलेलं आहे, खाली मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचीच शाखा. यापुढे या विषयावर वेळ घालवू नका.

पाच वर्षांनी कोण सांभाळणार

मायएसक्यूएल बनवणारी कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने घेतली आणि २०१० मध्ये सनला ओरॅकलने. मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याची वेगळी शाखा काढली, ती मारियाडीबी. 'माय' हे त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव आणि 'मारिया' धाकटीचं. डेबियनवर आज मारियाडीबीच मिळतं, आणि दोघांमधलं अंतर दरवर्षी थोडं वाढतं आहे. पोस्टग्रेसचा मालक कुणी एक नाही. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं आधार, म्हणजे दुरुस्त्या, मिळतो. जँगोची दर दोन वर्षांनी एक दीर्घ आधाराची आवृत्ती असते. एप्रिल २०२५ मधल्या ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे. दिनदर्शिकेवर खूण करून ठेवता येईल इतकं हे ठरलेलं असतं.

दोन्हीकडे मला फटका बसला आहे. एका होस्टिंगवाल्याने एका रात्रीत पीएचपीची आवृत्ती ५ वरून ७ वर नेली. जुनी डेटाबेसची फंक्शनं ७ मध्ये काढून टाकलेली होती, सकाळी पांढरं पान. दुसऱ्या एका ठिकाणी पोस्टग्रेस प्रत्येक बदल ज्यांत टिपतो त्या फाइली दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची व्यवस्था मी केली होती, ते यंत्र बंद पडलं, आणि न पोचलेल्या फाइली पोस्टग्रेसने इमानेइतबारे जपून ठेवत डिस्क भरून टाकली. सेवा थांबली, पण एकही नोंद गेली नाही. डिस्क किती भरली याचा इशारा फोनवर येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

बॅकअपचं सांगायचं तर, पोस्टग्रेसचं साधन एका क्षणाचं सलग चित्र घेतं. मायएसक्यूएलच्या साधनाला तसं करायला वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि तोही टेबलं इनोडीबी (व्यवहार पाळणाऱ्या) प्रकारची असतील तरच उपयोगी. २०१० च्या आधी बनलेली टेबलं बहुधा मायआयसॅम प्रकारची असतात, त्यांना व्यवहारही नाहीत आणि टेबलांमधले दुवेही पाळले जात नाहीत.

मग काय घ्यायचं

संस्थेची माहिती, व्याख्यानमालेच्या तारखा, नव्या पुस्तकांची ओळख, छायाचित्रं एवढंच हवं असेल, तर लॅम्पवर वर्डप्रेस ही मजकूर चढवण्याची तयार प्रणाली घ्या आणि उरलेला वेळ मजकुरावर घालवा. देवघेव, अनामत, अभ्यासिका यांपैकी एकही गोष्ट आत येणार असेल, आणि सर्व्हरकडे आठवड्यातून तासभर बघणारा एक तरी माणूस असेल, तर जँगो-पोस्टग्रेस घ्या. असा माणूस नसेल तर तो मिळेपर्यंत कागदी नोंदवही चालू ठेवा. निम्मी वेबवर आणि निम्मी वहीत असलेली अनामत शोधणं फार अवघड जातं.

आणि ज्यांची सेवा आधीच लॅम्पवर चालू आहे, त्यांनी ती मोडायची घाई करू नये. टेबलं इनोडीबीत न्या, अक्षरसंच 'एमबी४' करा, कडक पद्धत चालू करा. आधी प्रतीवर, मग खऱ्या डेटाबेसवर. मग एक क्वेरी लिहा: परतीची तारीख रिकामी असलेल्या नोंदी दाखल अंकानुसार मोजा, आणि ज्या अंकाच्या एकाहून जास्त निघतात तेवढ्याच दाखवा. यादी रिकामी आली तर आहे तिथे आणखी काही वर्षं सुखाने राहता येईल. नावं आली, तर ती यादी छापून ग्रंथपालांना द्या. त्या प्रती खरोखर कुणाकडे आहेत हे सभासदांना फोन करूनच कळेल, आणि ते कळल्यानंतरच नोंदी नव्या घरात हलवायच्या.